काकू चार्जिंगला

शैलजाकाकूंच्या दारात चपलांचा ढीग वाढला, की सराव परीक्षा जवळ आली हे सगळ्या गल्लीला कळत असे. लातूरच्या ट्यूशन एरियातली ती गल्ली. खाली झेरॉक्सची दुकानं आणि मेस, वर क्लास, त्यावर वसतिगृहं. उन्हाळा आता एवढा वाढला होता, की दुपारचे वर्ग कधीच बंद झाले होते. शिकवणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर चालायचं, आणि वैद्यकीय प्रवेशाची मोठी परीक्षाही ऊन चढायच्या आत सकाळीच उरकून घेत. रिक्षा विजेवर पळत होत्या, फळ्यांच्या जागी डिजिटल पडदे आले होते. मुलांची भीती तेवढी जशीच्या तशी राहिली होती.

काकू म्हणजे शैलजा बिराजदार. मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढली होती. पेपरच्या आदल्या दिवशी उलट्या करणाऱ्या, डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडणाऱ्या मुली बघून त्यांचा जीव तुटायचा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्या सोलापूरच्या एका बाईंकडे जाऊन ऊर्जा उपचार शिकून आल्या. नोकरी संपल्यावर घराची पुढची खोली त्यांनी त्यालाच दिली. मूल स्टुलावर बसायचं, काकू मागे उभ्या राहायच्या. आधी डोक्यापासून चार बोटं दूर हात धरायच्या, मग खांद्यांवर, मग पाठीवर तळवे टेकवून शांत उभ्या राहायच्या. विश्वातली ऊर्जा आपल्या तळव्यांतून मुलात उतरते, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. थरथरत आलेलं पोर जांभया देत बाहेर पडायचं, हे मात्र कुणालाही दिसत होतं.

त्यांचे यजमान अनंतराव क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत. ऊर्जा या शब्दावर आपला हक्क आहे असं त्यांचं म्हणणं. जेवताना ते हटकून विचारत, की आज किती ज्यूल ऊर्जा खर्ची पडली. काकू सांगत, की तुमच्या बडबडीत जाते त्याहून कमीच. अनंतराव हसून भाकरी पुढे करत. पण वर्गात एखादं मूल पेन धरताना थरथरू लागलं, तर तेच हळूच म्हणत, "जा, माझ्या घरी जाऊन ये. काकूंना म्हणावं, सरांनी पाठवलंय."

त्यांची एकुलती एक मुलगी मयूरा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माणसाच्या हृदयाचे आणि मेंदूचे ताल मोजायचं काम करत होती. शाळेत कायम पहिली आलेली मयूरा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा परीक्षेच्या खोलीत तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती. मग तिने अभियांत्रिकीची वाट धरली आणि त्यात नाव काढलं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

त्या वर्षी दिवाळीला ती आली ती यंत्रांची पेटी घेऊनच. आईच्या हातांचं मोजमाप घ्यायचं म्हणाली. अनंतरावांना हर्ष झाला. काकूंना तर त्याहून जास्त, कारण आता एकदाचं सिद्ध होणार असं त्यांना वाटत होतं.

सुटीत घरी न गेलेली बरीच मुलं होती. ती फराळाच्या लोभाने प्रयोगाला तयार झाली. मयूराने खोलीत कापडी पडदा लावला. मूल पाठ करून बसे, पडद्याआड कधी काकू हात पुढे धरून उभ्या राहत, कधी कुणीच नसे. काकू आहेत की नाहीत हे मुलाला कळत नसे. दोन दिवस असं चाललं. मग मयूराने आईला शेजारी बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं, की दुरून धरलेल्या हातांनी काहीही होत नाही. काकू आहेत असं मुलाला वाटलं, तर त्या नसतानाही ठोके थोडे शांत होतात. त्या असून मुलाला माहीत नसलं, तर अजिबात होत नाहीत.

काकू उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन चकल्यांच्या डब्याचं झाकण उगाच उघडत, लावत राहिल्या. अनंतराव दारात आले. टोमणा मारायची एवढी आयती संधी त्यांनी सोडून दिली. त्यांनी चहा टाकला, पहिला कप बायकोसमोर ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले.

प्रयोग पुढे चालू राहिला, कारण मयूराचं समाधान झालं नव्हतं. मुलं शांत होतात हे तर खरं होतं. मग ती पाठीवर प्रत्यक्ष हात टेकवायचे प्रयोग करू लागली. गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली, तिचा थोडा उपयोग झाला. अनंतरावांचा हात ठेवून पाहिला, तर सर आता गणित घालणार या धास्तीने पोरांचे ठोके वाढले. काकूंचा हात टेकला, की मात्र यंत्राच्या पडद्यावरची वेडीवाकडी रेघ थोड्याच वेळात लाटेसारखी संथ होऊ लागे. मयूराने आईच्या छातीलाही एक पट्टी लावली आणि दोघांच्या रेघा एकाखाली एक मांडल्या, तेव्हा तिला खरी गोष्ट सापडली.

ती तिने जेवणाच्या ताटांवर बसून समजावली. आपल्या कातडीत दोन प्रकारच्या नसा असतात. एक जलद, त्या कुठे काय लागलं ते सांगतात. दुसऱ्या अगदी मंद. त्यांना टोचणं-बोचणं कळत नाही. कोमट, सावकाश स्पर्शालाच त्या जाग्या होतात, आणि मेंदूला एवढंच कळवतात, की जवळ आपलं माणूस आहे, धोका नाही. मेंदू मग व्हेगस नावाच्या एका लांबलचक नसेवरून हृदयाला लगाम घालतो. त्यात आणखी एक गंमत. श्वास आत घेताना आपले ठोके किंचित वेगाने पडतात, सोडताना मंदावतात. शांत माणसात हा हेलकावा मोठा आणि नियमित असतो. असं माणूस पाठीवर हात ठेवून उभं राहिलं, की घाबरलेल्याचा श्वास त्याच्या नकळत त्या हाताच्या सूक्ष्म चढउताराला जाऊन मिळतो. मागोमाग हृदय. काकूंच्या तळव्यांतून ऊर्जा जात नव्हती. त्यांचा श्वास जात होता.

"म्हणजे वीस वर्षं मी उगाच डोक्यावर हात धरत होते," काकू म्हणाल्या.

"तेवढ्या वेळात तुझा स्वतःचा श्वास लयीत यायचा गं," मयूरा म्हणाली. "मग तू पाठीवर हात ठेवायचीस. ते डोक्यावरचं सगळं तुझ्यासाठी होतं."

निघायच्या दिवशी तुलनेसाठी कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून मयूरा स्वतःच स्टुलावर बसली. काकूंनी तिच्या पाठीवर तळवे टेकवले. पडद्यावर दोन्ही रेघा उमटू लागल्या आणि मुलीची रेघ संथ व्हायच्या ऐवजी चढत गेली. खालची, आईची रेघही दातेरी झालेली होती. दोघींनी ते पाहिलं. मयूरा म्हणाली, पट्टी सुटली असेल, आणि वायरी गुंडाळायला लागली. काकूंनी त्या संध्याकाळी अनंतरावांना विचारलं, की पट्टी सुटली तर रेघ अशी दिसते का. अनंतराव खोटं बोलण्यात कच्चे होते. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

या सगळ्या प्रयोगांतून पुढे बंडी निघाली. मयूराच्या संस्थेने एका छोट्या कंपनीला हाताशी धरून ती तयार केली. पातळ कापडाची, बाजूंना ताणपट्ट्या असलेली, शर्टाच्या आत घालायची बंडी. कापडात उबदार होणारे धागे आणि तळहाताच्या आकाराच्या हवेच्या चपट्या पिशव्या विणलेल्या. गळपट्टीतला कणाएवढा सेन्सर ठोके मोजे. ते पळू लागले, की खांद्यांवर आणि पाठीवर ऊब येई, पिशव्या फुगत-बसत, आणि त्यांची लय असे शैलजाकाकूंच्या श्वासाची. जानेवारीच्या एका सकाळी, गच्चीवर कोवळ्या उन्हात बसवून, मयूराने ती नोंदून घेतली होती. जूनमध्ये नवे वर्ग सुरू झाले तेव्हा बंडी बाजारात आली. नाव ठेवलं 'निवांत'.

मुलांनी ते नाव एक आठवडाही टिकू दिलं नाही. सगळी बंडीला काकूच म्हणू लागली. वसतिगृहांच्या जिन्यांत आवाज येऊ लागले, अरे माझी काकू कुठंय, तुझी काकू धुतली का, माझी काकू चार्जिंगला आहे. लातूरमधून ती नांदेडला गेली, मग कोटापर्यंत पोचली. मुलांना झोप लागू लागली. सराव परीक्षेत रडारड थांबली. क्लासवाले खूश, आईबाप खूश. अनंतराव गल्लीतून जाताना उगाच छाती काढून चालत.

काकूंच्या दारातल्या चपला मात्र कमी होत होत नाहीशा झाल्या. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण त्याहून विचित्र वाटत होतं ते बाजारात. मेथी निवडताना शेजारी एखादं अनोळखी पोर उभं असे आणि त्याच्या शर्टाखाली आपला श्वास चालू आहे, हे त्यांना जाणवे. त्या नकळत त्या पोराकडे आपल्याच घरातलं असल्यासारखं बघत राहत.

एक मुलगी मात्र अजून येत होती. अल्फिया शेख. जवळच्या औशाची. वडील शिवणकाम करत, आई नव्हती. रसायनशास्त्राच्या भीतीने आधी काकूंकडे यायची आणि उपचार कमी, गप्पाच जास्त व्हायच्या. रडताना ती काय काय सांगून जायची. अब्बांना एकट्याला जेवण जात नाही, आपण पुण्या-मुंबईला गेलो तर त्यांचं कसं होणार, असलं. आता तीही बंडी घालत होती, पण सवयीने येऊन बसायची. काकूंनी एकदा विचारलं, की भीती वाटते का अजून.

"वाटते ना," अल्फिया पेरू खात म्हणाली. "पण आली की बंडी थोपटते. मग जाते. कशाची होती तेसुद्धा आठवत नाही."

काकूंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. त्यांनी फोनवर मयूराला सांगून पाहिलं, पण नेमकं काय खटकतंय ते त्यांना मांडता येईना. मयूरा म्हणाली, की बंडी त्यासाठीच तर आहे. मग थोडं थांबून म्हणाली, "आई, मला तेव्हा ही मिळाली असती तर?" काकूंनी विचारलं, जेवलीस का.

परीक्षा आठवड्यावर आली आणि नियम आला. परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलं, की अंगावर कोणतंही विजेवर चालणारं वस्त्र घालून आत सोडलं जाणार नाही. कॉपीची शंका, दुसरं काही नाही. बंडी बनवणाऱ्या कंपनीने परवानगी मिळेल असं गृहीत धरलं होतं. अर्ज गेले, विनंत्या गेल्या, पण नियम बदलला नाही.

त्या दुपारपासून गल्लीचा नूर पालटला. मुलांनी सवय व्हावी म्हणून बंड्या काढून पाहिल्या आणि त्यांची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली. पूर्वी भीती रोजची ओळखीची होती. आली की तिच्याशी कसंबसं वागायचं, हे प्रत्येक जण आपल्या परीने शिकलेला असे. वर्षभर ती उंबरठ्यावरूनच परत गेली होती. आता एकदम परकी होऊन घरात शिरली. कुणाचे हात बधिर पडले, कुणाला आपण मरतोय असंच वाटलं. आईबाप गावोगावहून धावत आले. काकूंच्या दारात पुन्हा चपला दिसू लागल्या, एवढ्या की रस्त्यापर्यंत.

मयूरा पुण्याहून पहिली गाडी पकडून आली. तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती प्रत्येकाची क्षमा मागत होती. काकू खोलीत मुलांच्या पाठीवर हात ठेवत होत्या, पण काही होत नव्हतं. तळवे तेच, खोली तीच. एकेक मूल तसंच थरथरत उठून जात होतं. शेवटी अनंतरावांनी दारात उभं राहून सगळ्यांना नम्रपणे परत पाठवलं. सांगितलं, की काकूंनाही जरा बसू द्या.

दिवेलागणीला दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या. मुलांसाठी पन्हं करायचं म्हणून काकूंनी कैऱ्या उकडल्या होत्या. दोघी गर काढत होत्या. कोयी पातेल्यात पडत होत्या.

"आता ते हात राहिले नाहीत बघ," काकू म्हणाल्या. "ऊर्जा वगैरे नसते हे कळल्यावर उतरले असतील."

मयूराने मान हलवली. "हातांना काही झालं नाही, आई. तू घाबरली आहेस. माझ्यासाठी."

काकूंनी हातातली कैरी खाली ठेवली. "त्या दिवशी पट्टी सुटली नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पहिल्या परीक्षेच्या सकाळी मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. दुसऱ्याही."

"हो," मयूरा म्हणाली. तिने पातेल्याकडे बघतच पुढचं सांगितलं. "तू म्हणायचीस, काही काळजी नाही, सगळं छान होणार. आणि तुझा हात लागला की मला कळायचं, तुला भयंकर काळजी वाटतेय. कसं कळायचं ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आईसुद्धा एवढी घाबरली म्हणजे खरंच काहीतरी भयंकर होणार आहे."

"मग हात झटकला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. हात कैरीने बरबटलेले, म्हणून त्यांनी मनगटाने डोळे पुसले, तर ते आणखीच झोंबले. मयूराने उठून ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. आणि पुसता पुसता ती थांबून ऐकू लागली.

बाहेर कुणाचे तरी वडील मुलाला समजावत होते. घाबरू नकोस, घाबरू नकोस असं एवढ्या घाबऱ्या आवाजात सांगत होते, की ऐकणाऱ्याच्याच छातीत धडधडावं. काकूंनीही ते ऐकलं.

"त्याला कशाला बंडी," काकू सावकाश म्हणाल्या. "त्याच्या बापाला घाला."

मयूरा फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, की नियम परीक्षेच्या खोलीतल्यांना आहे, फाटकाबाहेरच्यांना नाही. आणि लय कुणाच्याही हातातून जाते, हात ठेवणारा शांत असला म्हणजे झालं. इतके दिवस आपण काकूंचा श्वास नोंदून थेट मुलांना चिकटवत होतो, आणि ज्यांचे हात त्यांच्या पाठीवर आयुष्यभर पडायचे, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही.

एकच अडचण होती. बंडी तिच्या मालकाच्या ठोक्यांना सरावलेली असे, दुसऱ्याने घातली तर गप्प बसे. ते कुलूप काढायला मयूरा आणि तिचे पुण्यातले सहकारी कामाला लागले. काढल्यावर कंपनीने सगळ्या पालकांना निरोप पाठवला, की सकाळी मुलाची बंडी तुम्ही घालून या. अनंतरावांनी निरोपावर विसंबून न राहता स्कूटर काढली आणि एकेका वसतिगृहाच्या फाटकाशी थांबून तेच तोंडी सांगितलं.

परीक्षेचं केंद्र शहराबाहेरच्या एका महाविद्यालयात होतं. सकाळी काकू आणि मयूरा पोचल्या तेव्हा फाटकासमोर कडुनिंबाच्या झाडांखाली जे दृश्य दिसलं, ते पाहून मयूराला त्या अवस्थेतही हसू आलं. पोट सुटलेले बाप शर्टावरून मुलांच्या तोकड्या बंड्या ताणून बसवत होते. कुणाच्या ताणपट्ट्या तटतटलेल्या, कुणाची बंडी छातीच्या वरच अडकलेली. नऊवारीतल्या एका आजींनी पदराखालून बंडी घातली होती आणि ती गुदगुल्या करते म्हणून त्या खुदुखुदू हसत होत्या. मुलं आईबापांकडे बघून तोंडं लपवत होती. त्यातल्या काहींना हसू आवरत नव्हतं.

मग हळूहळू ते घडलं. आधी आयांचे आवाज खाली आले. पाणी पिलास का, पेन घेतलंस का, हे विचारणं विरळ होत गेलं. लोक बोलायचे थांबले आणि नुसते मुलांच्या पाठीवर, खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. एवढ्या मोठ्या गर्दीत पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला.

अल्फिया एका खोडाला टेकून एकटी उभी होती, ओठ पांढरे पडलेले. वडील औशाहून बसने येणार होते, ते धापा टाकत आत्ताच पोचले. गडबडीत लेकीची बंडी तिच्या खोलीवरच राहिली होती. मयूराजवळ पालकांना दाखवण्यासाठी आणलेली एक बंडी होती. ती तिने आईसाठी राखून ठेवली होती, कारण काकूंचे हात सकाळपासून गार पडलेले तिला दिसत होते. काकूंनी ती घेतली आणि अल्फियाच्या वडिलांच्या, इब्राहिमभाईंच्या अंगात चढवली. शिंपी माणूस, त्यांनी आधी शिलाई पाहिली, चांगली आहे म्हणाले. मग बंडी उबदार झाली आणि ते बोलायचे थांबले. त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने अल्फियाचा श्वास लांबला, आणि ती रडू लागली.

मयूरा घाबरून पुढे झाली. काकूंनी हात धरून तिला मागे घेतलं. रडता रडता अल्फिया वडिलांना काहीतरी सांगत होती. पुण्याला नंबर लागला तर तुम्ही कुणाबरोबर जेवणार, एवढं काकूंना ऐकू आलं. इब्राहिमभाई म्हणाले, "तू पेपर लिही बेटा. जेवायचं माझं मी बघतो. शेजारचे रहीमचाचा रोज बोलावतात, मीच जात नाही." वर्षभर थोपटून परत पाठवलेली भीती तेवढ्या एका वाक्यासाठी आली होती. अल्फियाने ओढणीने नाक पुसलं आणि ती फाटकातून आत गेली.

फाटक बंद झालं. मयूरा एका दगडावर बसली. आत इतकी मुलं बंडीशिवाय बसली होती, आणि भीती सोसायची त्यांची सवय तिनेच मोडली होती. काकू शेजारी टेकल्या. त्यांचा हात सवयीने लेकीच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मला भीती वाटतेय, मयू," त्या म्हणाल्या. "आत्ताही. त्या मुलांची, तुझी. हात थरथरतोय माझा."

"माहीत आहे," मयूरा म्हणाली. तिने आईचा थांबलेला हात धरून आपल्या पाठीवर नेऊन ठेवला. "राहू दे तसाच."

हात थरथरत राहिला. मयूराही थरथरत होती. कुणी कुणाला काही समजावलं नाही. ऊन पानांतून खाली उतरत गेलं आणि कधीतरी, कुणाच्या आधी कुणाचा हे सांगता येऊ नये असे, दोघींचेही श्वास सावकाश झाले. मोजायला तिथे काही नव्हतं.

अनंतराव पन्ह्याची कॅन घेऊन पोचले तेव्हा घंटा व्हायची होती. त्यांनी झाडांखाली पाहिलं आणि ते जागीच थांबले. दर वर्षी या वेळेला फाटकाच्या गजांना माणसं लटकलेली असत. आज गजांशी कुणी नव्हतं. सगळा रस्ता झोपला होता. बाप खोडांना टेकून, आया एकमेकींच्या खांद्यावर, त्या आजी चटईवर तोंड उघडं टाकून. तोकड्या बंड्या संथपणे फुगत होत्या, बसत होत्या.

घंटा झाली. मुलं लोंढ्याने बाहेर आली आणि समोरचं बघून गोंधळली. मग आपापलं माणूस शोधत, पाय न वाजवता, झाडांखालून फिरू लागली. सगळ्यांचे पेपर काही चांगले गेले नव्हते. एक मुलगा डोळे पुसतच आला, त्याने झोपलेल्या आईकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी जाऊन नुसता बसला.

अल्फिया वडिलांसमोर उकिडवी बसली. इब्राहिमभाई मान एका बाजूला टाकून घोरत होते. तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

"अब्बा, उठा. पेपर झाला."

त्यांनी डोळे उघडले, आपण कुठे आहोत ते आठवायला थोडा वेळ घेतला, लेकीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कसा गेला, असं त्यांनी विचारलं नाही.

"भूक लागली असेल," ते म्हणाले, आणि पिशवीतून डबा काढू लागले.